नवतपा जवळ आला आहे: पत्र्याखालच्या मांजरीसाठी सल्ला हवा

विचारणा (नागपूर)
आमच्या गल्लीतली एक मोकाट भाटी नुकतीच व्याली असून तिची तीन पिले आमच्या गच्चीवर टिनाच्या पत्र्याखाली आहेत. पारा ४५ अंशांवर गेला आहे. काल दुपारी मी वर गेले तेव्हा पत्र्याला हात लावणे अशक्य होते आणि भाटी तोंड उघडे ठेवून धापा टाकत पिलांशेजारी पडली होती. पिले हलवल्यास ती त्यांना टाकून तर देणार नाही ना? पाणी आणि खाणे कसे ठेवावे?

प्रतिसाद (अकोला)
ताई, पिले आजच हलवा. मांजर कुत्र्याप्रमाणे सहसा धापत नाही. ती अंग चाटते आणि त्या ओलाव्याने गारवा मिळवते, तेवढ्याने भागेनासे झाले की मगच तोंड उघडते, म्हणून तुम्ही पाहिले ते गंभीर आहे. दिवस मावळल्यावर, तिच्या देखत, ज्या फडक्यावर पिले निजतात त्याच फडक्यासकट त्यांना जिन्याखाली आडव्या खोक्यात ठेवा आणि तुम्ही बाजूला व्हा. माझ्याकडची भाटी तासभर येरझारा घालत राहिली, खोके पुन्हा पुन्हा हुंगले आणि मग आत शिरली.

पाणी मातीच्या परळांत, सावलीत आणि निदान तीन ठिकाणी ठेवा, कारण एखादा दांडगा बोका एका भांड्याशी ठाण मांडून बसला की बाकीची तहानलेली राहतात. दूध मात्र देऊ नका. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब लागले तर अंगातले पाणी आणखी कमी होते. खाणे पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावे. जिना फिनाईलने पुसत असाल तर ते तूर्त थांबवा, कारण पंजे चाटताना ते विष मांजरीच्या पोटात जाते.

प्रतिसाद (चंद्रपूर)
एखादे मांजर निपचित पडलेले आढळले तर त्याला सावलीत आणून पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा आणि पंखा लावा. हे पाणी माठातले घ्या. गच्चीवरच्या टाकीतले या दिवसांत चटका देणारे असते. बर्फ लावू नये, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसांत जाते. अंग तापले आहे म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराला त्याची एक गोळीही जीवघेणी ठरते. मांजर उठून बसले तरी पशुवैद्यांकडे न्यावेच.

विचारणा (नागपूर)
आपणा दोघांचे मनापासून आभार. काल साडेसातला पिले जिन्याखाली आणली. भाटीने आधी एक पिलू परत वर नेले, मात्र पहाटे पाहिले तेव्हा तिन्ही खोक्यात दूध पीत होती. आज गच्चीवर जाण्याची वाट फळी लावून बंद केली आहे.