मदत हवी आहे: दहा बाय बाराच्या खोलीत मावणारी वाइड लेन्स (कॅनन २००डी मार्क २, बजेट २५ हजार)

दुसरा मजला:

नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवा आहे, थोडं सविस्तर लिहिते.

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. मार्चअखेर सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करून द्यायच्या. तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं, सामाईक गॅलरी, लाकडी कठडा. ठरवलं आहे की त्याआधी प्रत्येक बिऱ्हाडाचा त्यांच्याच खोलीत एक फोटो काढायचा आणि घरातल्या थोरल्या माणसाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा. खोलीबद्दल जे सांगावंसं वाटेल ते त्यांनी सांगायचं. सामान हलवायचं नाही, भिंती आवरायच्या नाहीत, जसं आहे तसं.

पहिला प्रयत्न आमच्याच घरी केला. खोली दहा बाय बारा, दार लांब भिंतीत. समोर खिडकीखाली पलंगावर आजी, तिच्या डोक्यावर वरच्या फळीत ओळीने पितळेचे डबे, डावीकडे भिंतीला लागून शिवणयंत्र, उजवीकडे देवघर. कॅमेरा उंबरठ्यावर, माझी पाठ गॅलरीच्या कठड्याला लागेपर्यंत मागे. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स १८ वर, म्हणजे तिच्या सर्वांत रुंद टोकाला, ठेवली तरी शिवणयंत्र आणि देवघर दोन्ही कापलं जातं. फोटोत डबे जेमतेम येतात, व्हिडिओ सुरू केला की डबे गायब. ४के लावून पाहिलं तर खोलीच गायब, नुसती आजी आणि खिडकी. आजी दोनदा विचारून झाली, "अगं, डबे आले का?" ते डबे तिच्या सासूबाईंचे आहेत.

आजवर मी येऊरच्या जंगलात पक्षी टिपत आले. तिथे लांबचं जवळ कसं आणायचं याचीच काळजी असायची. इथे जवळचंच मावत नाही, आणि या बाजूच्या लेन्समधलं मला काही कळत नाही.

एका दुकानात १८-५५ च्या पुढे आटे फिरवून लावायची जोडभिंग दिली, "हीच तुमची वाइड" म्हणून. मध्यभाग ठीक, पण कडा धुकटल्यासारख्या आणि चारही कोपरे काळे. परत घेतली नाही.

प्रश्न असे:

टोकिना, सिग्मा, टॅमरॉन यांतली कुठली घ्यावी? कंपनीचीच लेन्स हवी असा हट्ट नाही. जुनी चालेल का? व्हिडिओसाठी सिग्मा १८-३५ एफ/१.८ फार उत्तम असं ऐकलं, ती घ्यावी का? लोक संध्याकाळी कामावरून आल्यावरच भेटतात, त्यामुळे उजेड ट्यूबलाइटचा असणार. बजेट २५ हजार, त्यात ताणून २७.

खाडीपलीकडे:

ऐरोलीहून. मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणं अशी छोट्या हॉलमधली कामं करतो, त्यामुळे पाठ भिंतीला लागण्याची वेळ माझ्यावर रोजचीच.

आधी १८-३५ डोक्यातून काढून टाका. लेन्स सुरेख आहे, पण सुरू होते १८ पासूनच. आज जे कापलं जातंय ते तेव्हाही तितकंच कापलं जाईल, फक्त उजेड जास्त मिळेल (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). शिवाय वजन ८१० ग्रॅम.

आता हिशेब. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२.३ मिमी रुंद आणि १४.९ मिमी उंच आहे. रुंदीला फोकल लेंग्थने (लेन्सवरचा मिमीचा आकडा) भागा आणि अंतराने गुणा, म्हणजे तेवढ्या अंतरावर किती रुंद जागा दिसते ते कळतं. १८ मिमीवर दहा फुटांवरची भिंत साडेबारा फूट दिसते, म्हणजे समोरची भिंत येते. पण तुमचं यंत्र आणि देवघर समोर नाहीत, ते वाटेत आहेत. पाच फुटांवर १८ मिमीला दिसतं फक्त सव्वासहा फूट. ११ मिमीला तिथेच दहा फूट, १० मिमीला अकरा. तुमची गरज दहा-अकराचीच आहे.

डब्यांचं कारण वेगळं. फोटोच्या चौकटीची रुंदी-उंची ३:२, व्हिडिओची १६:९. व्हिडिओत वरून-खालून पट्टी जाते आणि सेन्सरची उंची साडेबारा मिमीच उरते. १८ वर दहा फुटांवर फोटोला सव्वाआठ फूट उंची मिळते, व्हिडिओला सातही नाही. डबे त्या सव्वा फुटात अडकलेत. कॅमेरा वर तिरपा करू नका, भिंती आत कलतील आणि आजी चौकटीच्या तळाला जातील. ११ मिमीला हीच उंची अकरा फुटांच्या वर जाते. कॅमेरा चार फुटांवर, अगदी सपाट ठेवा, डबे येणारच.

आणि ४के बंद करा. २००डी मार्क २ मध्ये ४के घेताना कॅमेरा सेन्सरचा मधलाच भाग वापरतो. क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) तुलनेत दृश्य किती पट अरुंद होतं ते, १.६ वरून २.६ च्या आसपास जातो. नवी ११ मिमी लेन्स घेऊन ४केवर चित्रण केलंत तर रुंदी तुमच्या आत्ताच्या १८ च्या फोटोएवढीच मिळेल, म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय ४केमध्ये ड्युअल पिक्सल ऑटोफोकसही (कॅननचा जलद आपोआप फोकस) चालत नाही. फुल एचडीवर राहा. मेनूतलं व्हिडिओचं डिजिटल स्थिरीकरणही बंद ठेवा, तेही कडा कापतं.

कॅमेरा पाल या व्हिडिओ पद्धतीवर, सेकंदाला २५ फ्रेम, शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. १/६० ठेवलंत तर भिंतीवर पट्टे सरकताना दिसतील आणि ते नंतर काढता येत नाहीत.

दुसरा मजला:

खाडीपलीकडे, तुमचे आभार कसे मानू! आजच टेप घेऊन खोली मोजली, हिशेब तंतोतंत जुळतो. शटर मी १/६० वरच ठेवलं होतं.

मग लेन्स कुठली?

खाडीपलीकडे:

तुमच्या बजेटात खरी लढत दोघींची. इतर कंपन्यांच्या विचारताय, पण कॅननची स्वतःची ईएफ-एस १०-१८ आधी सांगायला हवी, कारण स्वस्तातल्या वाइडमध्ये तिला टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. २४० ग्रॅम, स्थिरीकरण आहे, मोटर आवाज करत नाही. माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) प्लास्टिकचं, पण त्याने चित्रात फरक पडत नाही. उणीव एकच, एफ/४.५ पासून सुरू होते.

दुसरी टोकिना ११-१६ एफ/२.८. पहिली २००८ ची, दुसरी आवृत्ती २०१२ ची. एफ/४.५ च्या तुलनेत एफ/२.८ ला अडीचपट उजेड आत येतो. तुमचं शटर १/५० वर बांधलेलं आहे, ट्यूब वाढवता येणार नाही, उरतो फक्त आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की चित्रात दाणे येतात). टोकिनावर जे ८०० ला जमेल त्याला १०-१८ वर २००० लागेल. स्थिरीकरण हात हलण्यावरचा उपाय आहे, अंधारावरचा नाही. तुम्ही तिवईवर, माणूस बसलेलं, तर त्याची गरजच नाही.

टोकिनाची ऑटोफोकस मोटर कुरकुरते, कॅमेऱ्याच्या माइकमध्ये आवाज येतो. पण तुम्हाला ऑटोफोकस लागणार नाही. ११ मिमी, एफ/२.८, फोकस सव्वादोन मीटरवर लावलात की साधारण सव्वा मीटरपासून पुढे सगळं स्पष्ट. एफ/५.६ केलंत तर एक मीटरच्या जरा पुढे फोकस लावून साठ सेंटीमीटरपासून पुढे सगळं. टोकिनाची फोकस रिंग पुढे-मागे सरकवली की ऑटोवरून मॅन्युअलवर येते. एकदा लावून ठेवा, हात लावू नका. बोलताना आजी पुढे झुकल्या तरी फोकस शोधत भरकटणार नाही, उलट ऑटोपेक्षा हे बरं.

टॅमरॉन १०-२४ ची २०१७ ची आवृत्ती दोघींच्या मधली. स्थिरीकरण आहे, एफ/३.५ पासून सुरू होते, ४४० ग्रॅम. पण तुमच्या बजेटात चांगल्या स्थितीतली मिळायला नशीब लागेल. सिग्मा १०-२० ची जुनी एफ/४-५.६ स्वस्तात दिसेल, दिवसा गॅलरीचे फोटो छान काढते. ट्यूबलाइटसाठी घेऊ नका. सम्यांग १४ मिमी फुल फ्रेमवर नाव कमावलेली आहे, तुमच्या क्रॉप सेन्सरवर ती २२ सारखी वागते आणि सरळ रेषा लाटेसारख्या वाकवते. दाराच्या चौकटी, कपाटं, फळ्या यांच्या खोलीत ते डोळ्याला खुपतं.

मुलुंड चेकनाका:

धाग्यातच विचारतो, माझ्याकडे निकॉन डी५३०० आहे. हाच हिशेब लागू होईल का?

खाडीपलीकडे:

हिशेब तोच, क्रॉप १.५ चा असल्याने तुम्हाला किंचित जास्त दिसेल. पण डी५३०० च्या बॉडीत फोकस मोटर नाही. टोकिनाची पहिली ११-१६ तुमच्याकडे फक्त मॅन्युअल चालेल, दुसऱ्या आवृत्तीत लेन्समध्येच मोटर आहे. जुनी घेताना कुठली आवृत्ती ते नक्की विचारा. निकॉनची एएफ-पी १०-२० घेतलीत तर आधी कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. कॅननवाल्यांना हा गुंता नाही, दोन्ही आवृत्त्यांत ऑटोफोकस चालतो.

शहाबादी फरशी:

जुनी लेन्स घेणार असाल तर माझं ऐका. मी एक बुरशी लागलेली घेऊन पस्तावलोय.

आपल्याकडे चार महिने हवेत पाणीच असतं, आणि लेन्स कपाटात कपड्यांमध्ये ठेवायची लोकांची सवय. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने धरा, पुढून तिरप्या नजरेने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत कितीही पाडली तरी परत द्या. धुळीचे चार कण असतील तर काळजी नको. लेन्स नाकाजवळ धरून वासही घ्या, कुबट वास आला की समजायचं.

दुसरी परीक्षा कोपऱ्यांची. विक्रेत्याकडे जाताना स्वतःचा कॅमेरा न्या, समोर विटांची भिंत किंवा खिडक्यांची रांग असलेली इमारत शोधा. कॅमेरा भिंतीला समांतर, ११ मिमी, एफ/२.८ आणि एफ/५.६ असे दोन फोटो. मोठे करून चारही कोपरे बघा. चारही थोडे मऊ असतील तर ते तिचं वळण. एकच कोपरा विस्कटलेला असेल तर आतलं भिंग सरकलंय, म्हणजे लेन्स पडलेली असण्याचा संभव. सौदा मोडा.

फिल्टरचा व्यास ७७ मिमी आहे, पुढे संरक्षणाचा फिल्टर असेल तर तो काढूनच तपासा.

घेतल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुड्या ओलावल्या की बदला.

दुसरा मजला:

उशिरा लिहिते आहे, मधले दोन शनिवार यातच गेले.

विकत घेण्याआधी दोन्ही वापरून पाहायचं ठरवलं. टोकिना एका दिवसासाठी भाड्याने आणली, १०-१८ चरईतल्या एका मैत्रिणीकडून मागून घेतली. एकाच संध्याकाळी, एकाच ट्यूबखाली, एकाच उंचीवरून. १०-१८ ची रुंदी जरा जास्त, आणि हाताळायला खूपच सुखाची. पण आयएसओ २००० ला आजीच्या साडीचा काठ आणि मागची खोलीतली सावली यांत दाणे उठतात, देवघरातली तसबीर चिखलासारखी होते. टोकिनावर ८०० ला तसबिरीतल्या गणपतीचा शेंदूर वेगळा दिसतो. माझ्यासाठी तेवढ्यावर निकाल लागला.

टोकिनाचा दोषही दिसला. ट्यूब चौकटीत आली की तिच्या कडेला जांभळी रेघ, आणि खिडकीच्या गजांनाही. आमच्या खोलीत ट्यूब दाराच्याच भिंतीवर, म्हणजे माझ्या मागे आहे, त्यामुळे निभावलं. ज्यांच्या समोर आहे त्यांच्याकडे ती बंद करून मागून दिवा लावायचा विचार आहे. उरलेली रेघ नंतर संगणकावर काढता येते.

आणखी एक. कडेला बसवलेला माणूस पसरट दिसतो. शेजारच्या काकांना उजवीकडे टोकाला बसवलं तर त्यांचा चेहरा ओळखू येईना, मध्ये आणल्यावर जसेच्या तसे. कडेला आता फक्त वस्तू ठेवते.

शेवटी मुंबईच्या बोरा बाजारात दुसऱ्या आवृत्तीची जुनी टोकिना मिळाली, २२ हजारांत. शहाबादी फरशी, तुमच्या सगळ्या परीक्षा घेतल्या. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवर कोपरे तपासले, दुकानदार शांतपणे थांबला. पहिली लेन्स याच कारणाने परत दिली, डावा खालचा कोपरा विस्कटलेला होता. दुसरी स्वच्छ निघाली.

काल घरचा व्हिडिओ पूर्ण झाला. कॅमेरा चार फुटांवर, फोकस सव्वादोन मीटरवर, एकदाही हात लावला नाही. शिवणयंत्राचं चाक आणि देवघराची समई दोन्ही चौकटीत. पडद्यावर दाखवलं तेव्हा आजीने आधी स्वतःकडे पाहिलंच नाही. बोटाने डबे मोजले. सात आले.

उद्या तळमजल्यापासून सुरुवात. पहिल्या खोलीत दार आखूड भिंतीत आहे, समोरची भिंत बारा फुटांवर. तिथे ११ ऐवजी १४ च्या आसपास ठेवलं तर चेहरे जास्त नीट येतील का? कोणी असं केलं असेल तर रात्रीपर्यंत सांगा.

खाडीपलीकडे:

हो, १४ वर या. त्या खोलीतही कडेचं सामान सहा फुटांवर असेल तर तिथे १४ ला साडेनऊ फूट दिसतं, दहाच्या भिंतीला पुरेल. माणूसही मोठा दिसेल. फक्त फोकल लेंग्थ बदललीत की फोकस पुन्हा लावून घ्या, १४ ला एफ/२.८ वर जवळचं लवकर मऊ पडतं. एफ/४ करा, आयएसओ १६०० पर्यंत जाऊ द्या.