दोम्योजीला आपण फार स्वस्तात सोडलं

वेलदोडा

‘हाना योरी दांगो’ पहिल्या खंडापासून पुन्हा वाचायला घेतला आणि नायकापायी डोकं भणभणलं, म्हणून हा धागा. योको कामिओंचा हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, ‘मार्गारेट’ या जपानी पाक्षिकात 1992 ते 2003 असा अकरा वर्षं चालला. इतक्या जुन्या गोष्टीचा शेवट फुटला म्हणून कुणी रुसू नये.

नुसती यावरची 2009 ची कोरियन मालिका पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. त्सुकुशी माकिनो ही बेताच्या घरातली मुलगी, आईबापांच्या हौसेपायी एइतोकु नावाच्या अतिश्रीमंतांच्या शाळेत शिकते. शाळेवर चार मुलांचं राज्य: दोम्योजी, रुई, सोजिरो, आकिरा. त्यांच्या मनातून जो उतरला त्याच्या लॉकरमध्ये लाल चिठ्ठी येते, आणि तो शाळा सोडून जाईपर्यंत सगळे मिळून त्याला छळतात. त्सुकुशी मैत्रिणीची बाजू घेते, चिठ्ठी तिलाही येते, ती दोम्योजीला लाथ घालते, आणि लाथ खाऊन साहेब प्रेमात पडतात.

रुई बरा की दोम्योजी बरा, यावर मला बोलायचं नाही. ते भांडण भांडून लोकांचे केस पांढरे झाले. मला खटकतं ते हे की दोम्योजी सुधारतो तो फक्त त्सुकुशीपुरता. तिच्यासाठी तो तासन्‌तास ताटकळतो, जन्मदात्या आईशी वैर घेतो, तिच्या शेजारच्या खुराड्यात भाड्याने राहायला येतो. सगळं मान्य. पण लाल चिठ्ठीमुळे जी मुलं शाळा सोडून गेली, त्यांच्यातल्या एकाच्याही दारात तो स्वतः होऊन गेलेला मला दिसला नाही. बहुतेकांची तर आपल्याला नावंही कळत नाहीत. आणि सुरुवातीला तो त्सुकुशीवर पोरं घालतो, पुढे एकदा स्वतःच तिच्यावर जबरदस्ती करायला जातो, ती रडते तेव्हा थांबतो. मग आपण काय करतो? त्याच्या थांबण्याचंच कौतुक!

कुरळे केस आणि लांब पाय नसते तर या पोराला आपण इतकं सांभाळून घेतलं असतं का?

कोथरूडचा बोका

आलाच हा धागा. वर्षातून एकदा येतो, गणपतीसारखा.

वेलदोडाताई, तुम्ही जुनपेईला सोयीस्करपणे बाहेर ठेवलंत. तो मॉडेलिंग करणारा शाळेतला पोरगा, त्सुकुशीशी गोड गोड बोलून मैत्री करतो आणि मग तिला पळवून नेतो. का? तर दोम्योजीने त्याच्या भावाची जी गत केली त्याचा सूड म्हणून. म्हणजे ज्या खात्याबद्दल तुम्ही विचारताय ते लेखिकेनेच उघडलंय. दोम्योजी तिथे जातो आणि हात न उचलता मार खातो. याच माणसाने पहिल्या खंडात कुणी नुसता अंगावर आदळला तरी आकाशपाताळ एक केलं होतं. तो गप उभा राहून मार खातोय आणि वाचकाला त्याची दया येते, पण त्याच वेळी हेही कळतं की हे त्याचंच पेरलेलं उगवलंय. याहून वेगळं काय हवं होतं? नाशिकला जाऊन नारायण नागबळी?

वेलदोडा

जुनपेई माझ्या लक्षात होता, म्हणूनच ‘स्वतः होऊन’ लिहिलं. तिथे तो मार खातो तो त्सुकुशी त्यांच्या ताब्यात आहे म्हणून. भावाचा विषय निघतो तो जुनपेईच्या तोंडून. दोम्योजीच्या डोक्यात त्या क्षणी एकच माणूस आहे, आणि तो जुनपेईचा भाऊ नाही. प्रेमासाठी मार खाणं आणि केल्याची लाज वाटून मार खाणं यात फरक आहे की नाही? लेखिकेने दार उघडलं हे खरं. पण नायकाला त्या दारातून आत नेलंच नाही, उंबऱ्यावरून तो त्सुकुशीला घेऊन परत फिरला.

अवांतरराव

सतरंजी घातलीय. शेंगदाणे कुणाला हवेत?

मास्तरीणबाई

मी माध्यमिकला शिकवते. आठवी-नववीच्या मुली हे मोबाईलवर वाचतात आणि मधल्या सुट्टीत माझ्यासमोरच चर्चा करतात, मी काही वाचत नसेन या समजुतीने. त्यांच्याकडून जे कळलं ते तुम्हा दोघांच्या मांडणीत बसत नाही.

दोम्योजी चांगला की वाईट, हा प्रश्न त्यांना पडतच नाही. त्यांना आवडते ती त्सुकुशी. जिन्यातलं ते दृश्य आठवतंय का? दिवसभर गिळलेला सगळा संताप ती शाळेच्या आपत्कालीन जिन्यात एकटी जाऊन ओरडून बाहेर टाकते, आणि नेमका रुई तिथेच पडलेला असतो. एक मुलगी मला म्हणाली, बाई, आपल्या शाळेला तसा जिना पाहिजे. तिला नायक नको होता. जिना हवा होता.

मात्र लाल चिठ्ठीबद्दल मी वेलदोडाशी सहमत आहे, आणि ते वाचक म्हणून नव्हे, नोकरीमुळे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 साली आला, म्हणजे हा मांगा चालू असतानाच. असले प्रकार ज्यांनी हाताळलेत त्यांना ठाऊक आहे की चिठ्ठी लिहिणारा एकच असतो, त्रास देणारे पन्नास असतात, आणि नंतर पन्नासच्या पन्नास म्हणतात, आम्ही नुसतं हसलो. मांगातली गर्दी तशीच काढलीय. त्सुकुशीला छळताना तिचे वर्गमित्र मजा करताहेत, आणि वारं फिरलं की तेच तिच्याशी गोड बोलतात. या बाबतीत कामिओंनी जे टिपलंय ते मला फार खरं वाटतं.

स्वरा22

रुईबद्दल कुणीच बोलत नाहीये. हे बरं आहे!! सगळे म्हणतात रुई किती शांत, किती समजूतदार, व्हायोलिन वाजवतो. अहो पण तो त्या चौघांपैकीच एक आहे ना? चिठ्ठ्या लॉकरमध्ये जात होत्या तेव्हा हा काय करत होता? झोपत होता! त्सुकुशीला वाचवतो हे चांगलंच, पण तोवर किती जणांना वाचवलं नसेल? दोम्योजी निदान चुकतो तरी. रुई काहीच करत नाही आणि मार्क पूर्ण घेतो. त्याला आवडणारी शिझुका फ्रान्सला निघाली तेव्हा तिच्या मागे जाण्याएवढं बळ त्याच्यात बरं येतं!

मी दोम्योजीच्या बाजूची आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही 😌

कोथरूडचा बोका

स्वरा, जियो.

मास्तरीणबाई, जिन्याचं पटलं. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ही गोष्ट दोम्योजीच्या सुधारण्याची आहे असं गृहीत धरूनच आपण भांडतोय. मला ती पैशाची गोष्ट वाटते. दोम्योजीची आई काएदे त्सुकुशीला वाटेतून हटवायला काय करते? त्सुकुशीच्या अंगाला हात लावत नाही. तिची मैत्रीण युकी आणि जुना मित्र काझुया, यांच्या घरच्यांच्या पोटावर पाय द्यायची धमकी देते. म्हणजे लाल चिठ्ठी ही त्या घराची रीतच आहे. पोराने ती शाळेत चालवली, आई बाजारात चालवते.

त्यानंतरचा पावसातला निरोप पुन्हा एकदा वाचा. त्सुकुशी दोम्योजींच्या बंगल्यातून निघते, तो मागे धावतो. तो विचारतो की तू मला कधी घराणं, पैसा बाजूला ठेवून नुसता एक माणूस म्हणून पाहिलंस का. आणि ती त्याला तोडून टाकणारं उत्तर देते: तसं पाहिलं असतं तर अशी निघून गेले नसते. ती खोटं बोलतेय, ते वाचकाला ठाऊक आहे, त्याला नाही. ज्या मुलाने आयुष्यभर दुसऱ्यांना घालवून दिलं त्याला पहिल्यांदा कुणीतरी सोडून जातं. आणि तेही त्याच्याच घरच्या धमकीमुळे. ही शिक्षा लेखिकेने दिलीय ताई. मात्र तिच्यावर ‘शिक्षा’ अशी पाटी लावलेली नाही.

वेलदोडा

काएदेचा मुद्दा एक नंबर. पोराची आणि आईची रीत एकच, हे मी अशा नजरेने पाहिलं नव्हतं आणि मला ते पटतंय. पण मग माझाच मुद्दा बळकट होतो! आई हे करते तेव्हा आपण तिला डाकीण म्हणतो, पोराने केलं तेव्हा ‘रागीट आहे पण मनाचा साफ’. सासू म्हणून आली असती तर तिला आपण कधी माफ केलं असतं?

भेळवाला

काएदेवरून आठवलं. ती त्सुकुशीच्या घरी पैसे घेऊन येते तेव्हा त्सुकुशीची आई तिच्या डोक्यावर मीठ ओतते. जपानात अशुभ घालवायला मीठ टाकतात, आपण मीठमोहऱ्या ओवाळतो तसंच साधारण. ही बाई त्या क्षणापर्यंत कशी रंगवलीय? लोभी, पोरीला श्रीमंताच्या गळ्यात बांधायला टपलेली, हास्यास्पद. आणि नेमके पैसे समोर आल्यावर तिचं नाक वर होतं. अख्ख्या मांगात माझं सर्वांत आवडतं पान. बाकी चालू द्या.

नदीकाठ

एक राहिलेलं नाव: साकुराको. दोम्योजीच्या बळींपैकी जिला नाव, चेहरा आणि पूर्ण कथानक मिळालं ती हीच. बालवाडीत तिला तो आवडायचा, त्याने तिला कुरूप म्हणून हिणवलं. ती मोठी होऊन शस्त्रक्रियेने चेहरा बदलते, त्सुकुशीची मैत्रीण म्हणून वावरते आणि कट रचते. कट उघडा पडतो तेव्हा जुना फोटो सगळ्यांसमोर येतो आणि लाज कुणाची जाते? तिची. बालवाडीत जे बोललं गेलं त्याची आठवणही त्या मुलाला नाही.

म्हणजे ज्याने छळलं तो नायक, आणि जिने त्याचा बदला घ्यायचा प्रयत्न केला ती खलनायिका. पुढे तिला गटात सामावून घेतात, ती मजेशीर, तिखट जिभेची मैत्रीण होते, आणि मला ती आवडतेसुद्धा. पण जुनपेई असो वा साकुराको, जो कुणी हिशेब मागायला येतो तो आधी त्सुकुशीला इजा करतो. मग वाचकाला त्याच्या बाजूने उभं राहायची सोयच उरत नाही. ही युक्ती दोनदा वापरलीय. त्यामुळे बोकोबांचं ‘लेखिकेने खातं उघडलं’ मला अर्धंच पटतं. खातं उघडायला जो येतो त्याच्या हातात तिने आधी सुरी देऊन ठेवलीय.

कोथरूडचा बोका

हे झोंबलं. विचार करतो.

चाळीतला शेरलॉक

तुम्ही सगळे हे एका बैठकीत लिहिलेल्या कादंबरीसारखं वाचताय. पाक्षिकात दर अंकाला भाग द्यायचा असतो. सुरुवातीचे भाग वाचा: दोम्योजी तिथे नायक म्हणून उभा नाहीच, तो निव्वळ भिंत आहे, त्सुकुशीने डोकं आपटायला. तिला हवासा वाटतो तो रुई. भिंतीला पुढे हृदय फुटलं तेव्हा मागचे भाग छापून, विकून झाले होते. ते पुसता येत नाहीत, म्हणून पुढे त्याच्यावर विनोदाचा रंग चढवला: म्हणी चुकीच्या म्हणतो, ढ आहे, आई दूर असलेला एकटा पोरगा आहे. शेवटाकडे तर स्मृतिभ्रंशसुद्धा आणला! इस्पितळात शुद्धीवर येतो आणि नेमकी त्सुकुशीच तेवढी आठवत नाही. अकरा वर्षं गाडी ओढायची म्हटल्यावर असलं काहीतरी करावंच लागतं. आपल्या संध्याकाळच्या मालिकांना हसणाऱ्यांनी इथेही हसावं, एवढीच विनंती.

मास्तरीणबाई

शेरलॉकराव, छापलेलं पुसता येत नाही, कबूल. पण यावर नव्याने मालिका करणाऱ्यांना तर पुसता येत होतं? तैवानने 2001 मध्ये केलं, जपानने 2005 मध्ये, कोरियाने 2009 मध्ये, चीनने 2018 मध्ये पुन्हा, आणि 2021 च्या अखेरीस थायलंडने. चीनच्या नव्या आवृत्तीत छळाचा भाग इतका मवाळ केला की दोम्योजी नुसता गर्विष्ठ पोरगा उरला. थाई आवृत्तीने उलटं केलं, लाल चिठ्ठी हाच कथेचा कणा ठेवला आणि छळलेल्यांना बोलायला जागा दिली. मला थाई जास्त आवडली. माझ्या मुलींना चिनी. त्यांचं म्हणणं, बाई, तो मुळात इतका वाईट नसेल तर आम्हाला तो आवडायला मोकळीक मिळते.

स्वरा22

मी त्या मुलींच्या बाजूने 🙋

कोथरूडचा बोका

विचार करून आलो. नदीकाठ यांचं सुरीचं म्हणणं मान्य. तरी शेवटाकडे बघा. मांगाच्या शेवटी लग्न लागत नाही. दोम्योजी चार वर्षांसाठी न्यूयॉर्कला जातो आणि त्सुकुशी मागे राहते, आपल्या पायांवर. 2008 च्या जपानी सिनेमात लग्न दाखवलं, मांगाने तो मोह टाळला. लेखिकेला त्याच्या सुधारण्याची पुरती खात्री असती तर तिथेच अक्षता टाकल्या असत्या. त्याला अजून माणूस व्हायचंय, हे तिलाही ठाऊक आहे.

वेलदोडा

बोकोबा, न्यूयॉर्कला तो भांडी घासायला गेला नाही, घरचा कारभार हाती घ्यायला गेला. ज्या कारभाराच्या जोरावर आईने युकीच्या घरच्यांना धमकावलं, तोच. चार वर्षांनी परत येईल तेव्हा लाल चिठ्ठी लिहायला त्याला लॉकर लागणार नाही.

अवांतरराव

शेंगदाणे संपले. युकी आणि सोजिरोवर वेगळा धागा काढा कुणीतरी, तो बाबा तर इथे विनाचौकशी सुटला.