गाडी लई पेट्रोल खायलीय, आधी काय तपासू?

जुळेसोलापूरकर
मंडळी, नमस्कार. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १२०० सीसी, मॅन्युअल. गावात १५-१६ द्यायची, आता ११-१२ वर आलीय. चेक इंजिनचा दिवा नाही, धूर नाही, पिकअपही बरा आहे. एअर फिल्टर, प्लग नवे. रोजचं चालणं जुळे सोलापूर ते सात रस्ता, मधे पोरांची शाळा. गॅरेजवाला म्हणतोय आधी इंजेक्टर क्लीनिंग करू, नाही जमलं तर ऑक्सिजन सेन्सर बदलू. पैसे घालायच्या आधी विचारावं म्हटलं. सोलापुरात खात्रीचा माणूस असेल तर तेही सांगा.

बाळेवाला
११-१२ कशावरून म्हणताय? डिस्प्लेवरचा आकडा असेल तर सोडून द्या. एकाच पंपावर, पहिला कट पडेपर्यंत टाकी भरा, टाकी बरीच रिकामी होईपर्यंत चालवा, परत तिथंच तशीच भरा. किलोमीटर भागिले लिटर.

जुळेसोलापूरकर
तसंच मोजलंय मालक. डिस्प्ले तर अजून १३ दाखवतोय!

चादरगल्ली
सगळा ई२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा खेळ आहे बे. माझीपण पडलीय. गाडीला शिव्या देऊ नका.

आप्पा_एमआयडीसी
ई२० चा वाटा आहे, पण एवढा नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई१० वरून ई२० वर आलात तर हिशोबानं तीन-साडेतीन टक्के जातात. बिनमिसळीच्या पेट्रोलशी तुलना केली तरी साडेसहा-सात. म्हणजे १६ चे १५ होतील, ११ कसे होतील?

मालक, पैसे लागत नाहीत ती कामं आधी करा. सकाळी गाडी गार असताना हवा बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, तेवढीच हवा हवी. पंपावरचा पोरगा विचारतो आणि आपण 'मार तीस' म्हणतो, तसं नको. मग बाळ्याच्या पुढं मोहोळकडं सपाट रस्त्यावर जा, मागं कोणी नसताना न्यूट्रल करून बघा. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतात. गाडी मोकळी पळत जायला पाहिजे. लगेच दम टाकत असेल तर ब्रेक धरतोय. परत येताना शेवटी ब्रेक कमी वापरा, थांबल्यावर चारही रिमच्या जवळ हात न्या. डिस्कला लावू नका, फोड येईल. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर त्या चाकाच्या कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबतो तो भाग) पिना जाम आहेत, नाहीतर मागचं असेल तर हँडब्रेकची केबल ओढून बसलीय.

इंजेक्टर क्लीनिंगची घाई नको. पिकअप चांगला आहे, आयडलिंगला गाडी थरथरत नाही, मग त्याच्यावरच संशय का? सेन्सर तर स्कॅनर न लावता बदलूच नका. २०१७ ची गाडी आहे, स्टीअरिंगखाली ओबीडी पोर्ट, म्हणजे स्कॅनर जोडायची जागा असणारच.

आणि एक सांगा. मधे रेडिएटर, कूलंटचं काही काम झालं होतं का?

जुळेसोलापूरकर
हवा २४-२५ निघाली, स्टिकरवर ३३ आहे. भरून घेतली. न्यूट्रलला मस्त पळतीय, चाकं सारखीच कोमट.

कूलंटचं काम झालंय आप्पा. मे महिन्यात तुळजापूरच्या घाटात गाडी तापली होती. तेव्हाच्या गॅरेजनं होज बदलला आणि म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून टाकलाय, आपल्या सोलापूरच्या उन्हात लागत नाही." त्याचा काय संबंध?

आप्पा_एमआयडीसी
आला की संबंध! हे लई ठिकाणी करतात, आणि एकदम चुकीचं आहे. थर्मोस्टॅटचं काम इंजिन गार ठेवायचं नाही, नीट गरम ठेवायचं. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ डिग्रीला उघडायला लागतो, तोवर पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही. तो काढला की पाणी सुरुवातीपासून फिरत राहतं आणि इंजिन पुरतं तापतच नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून गार आहे, तो पेट्रोल जरा जास्त सोडतो. ऑइलही घट्ट राहतं, घर्षण वाढतं. तुमचं चालणं चार-चार किलोमीटरचं, म्हणजे सगळा प्रवास गार इंजिनावरच.

बाहेर ४२ डिग्री असलं तरी इंजिनाच्या मानानं ते गारच. शिवाय गाडी मुळात का तापली ते तसंच राहिलं. फॅन वेळेवर लागतो का, रेडिएटर चोंदलाय का, हे बघायला सांगा.

चादरगल्ली
पण माझ्या गाडीत इंजिन गार असल्याचा निळा दिवा पाच मिनिटांत जातो, म्हणजे इंजिन तापतंय की.

आप्पा_एमआयडीसी
निळा दिवा बराच आधी विझतो. त्याच्यावर जाऊ नका, स्कॅनरवर कूलंटचा आकडा बघा. हायवेवर अर्धा तास चालवूनही ६५-७० वरच रेंगाळत असेल तर निदान झालं. खात्रीचा माणूस विचारलात ना? नावं देत नाही, इथं त्यावरून भांडणं होतात. जो स्कॅनर लावून चालत्या गाडीचे आकडे तुम्हाला दाखवतो त्याच्याकडं जा. जो बोनेट उघडायच्या आधी पार्टचं नाव घेतो त्याच्याकडं नको.

जुळेसोलापूरकर
अपडेट. अक्कलकोट रोडला एकाकडं स्कॅनर लावला. मोहोळपर्यंत जाऊन आलो, आकडा ७० च्या वर गेलाच नाही! नवा थर्मोस्टॅट, गॅस्केट बसवलं. फॅनचा रिले पण मधेच दगा देत होता, तोही बदलला. आता ८८-९० ला स्थिर. टाकी ते टाकी १४.६ आलं, एसी लावून. इंजेक्टरला हात लावला नाही. आप्पा, चहा लागू झाला तुम्हाला.

एक राहिलं. कूलंट थोडं कमी वाटलं तर घरचं पाणी टाकलं तर चालतं का?

आप्पा_एमआयडीसी
बोअरचं तर अजिबात नाही. त्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कंपनीनं सांगितलेलं तयार मिश्रण टाका, कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात. झाकण गरम असताना उघडायचं नाही. आणि महिन्याभरात परत कमी झालं तर टाकत बसू नका, गळती शोधा.