शब्दचर्चा : रंगाचं पाणी, खनिजं आणि 'उत्प्रेरक'

प्रश्न : कापड प्रोसेसिंगमधून निघणाऱ्या रंगीत पाण्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहखनिज), मुलतानी माती, मँगनीजचं खनिज, पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) या सगळ्यांना मी सरसकट 'उत्प्रेरक' लिहिलंय. सगळीच पाण्याचा रंग घालवतात, मग चालेल ना? आणि रंग जाण्याला 'विघटन' म्हणू की 'विरंजन'?

उत्तर : सरसकट नाही चालणार. रंग कसा गेला, यावर शब्द ठरतो.

मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाच्या पाण्यात मुलतानी माती टाकून ढवळा. माती तळाशी बसली की वरचं पाणी बरंच निवळतं आणि माती निळी झालेली दिसते. रंगाचा रेणू शाबूतच आहे, फक्त मातीच्या कणांना चिकटलाय. याला पृष्ठशोषण म्हणा. नुसतं 'शोषण' लिहिलं तर वाचकाला आत मुरणं वाटेल. माती इथे पृष्ठशोषक, आणि त्या निळ्या मातीचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या मँगनीजची तऱ्हा वेगळी. आम्लधर्मी पाण्यात मँगनीज डायऑक्साइड रंगाच्या रेणूचं थेट ऑक्सिडीकरण करतो, पण ते करताना स्वतः झिजतो आणि मँगनीज पाण्यात उतरतं. जो खर्च होतो तो अभिकारक. तोच मँगनीज डायऑक्साइड हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकला की ऑक्सिजनचे बुडबुडे फसफसून येतात, आणि तिथे मात्र तो खरा उत्प्रेरक असतो. उत्प्रेरकपण त्या त्या अभिक्रियेपुरतं असतं, म्हणून शब्दाआधी अभिक्रिया बघा.

मॅग्नेटाइटला तुमचा शब्द शोभतो. 1894 साली हेन्री फेंटन यांनी लोहाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून टार्टारिक आम्लाचं ऑक्सिडीकरण दाखवलं. आज रंगाच्या पाण्यासाठी तीच जोडी वापरतात, म्हणजे हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि पेरॉक्साइड. त्यातून हायड्रॉक्सिल मुक्त मूलकं (अतिशय क्रियाशील, अल्पजीवी कण) तयार होतात आणि ती रंगाचा रेणू फोडतात. अडचण अशी की सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप) 3 च्या आसपास आणावा लागतो, आणि शेवटी लोहाचा तांबूस गाळ उरतो. हिराकसऐवजी मॅग्नेटाइटची पूड घेतली तर लोह बहुतांश दगडातच राहतं, गाळ कमी होतो आणि पूड चुंबकाने गोळा करून पुन्हा वापरता येते. वेग मात्र सहसा कमी पडतो.

पायराइटला निर्धास्तपणे उत्प्रेरक म्हणू नका. तो हळूहळू विरघळून लोह पुरवतो, आम्लही सोडतो.

पुन्हा प्रश्न : पण 'अभिक्रियेत भाग न घेता वेग वाढवणारा तो उत्प्रेरक' असंच शिकलोय. मॅग्नेटाइट तर भाग घेतोय!

उत्तर : घेतोच. त्याच्या पृष्ठभागावरचं फेरस लोह एक इलेक्ट्रॉन देऊन फेरिक होतं आणि पुन्हा फेरसवर येतं. ही परतीची पायरीच संथ असते. 'भाग न घेता' हे शब्द काढून टाका आणि 'स्वतः खर्च न होता' लिहा. व्याख्या लगेच नीट बसते.

आता विघटन की विरंजन. मला हा भेद सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सांडपाण्याच्या बातम्यांमध्ये तो हमखास बुजतो. ग्लुकोज आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात थोडं मेथिलीन ब्ल्यू टाकून बाटली बंद करून ठेवली, की निळा रंग नाहीसा होतो. बाटली हलवली की हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि निळा परत येतो. रंग गेला होता, रेणू तिथेच होता. अझो या मोठ्या गटातल्या रंगांत नायट्रोजन-नायट्रोजन बंध तुटला की रंग जातो, पण ऑक्सिजनविना तुटला तर अ‍ॅरोमॅटिक अमाइन नावाची संयुगं मागे राहतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. इचलकरंजी असो की तिरुपूर, कापडाच्या गावात नदीकाठच्या माणसाला नितळ दिसणारं पाणी सुरक्षित वाटावं असं आपल्या शब्दांनी होऊ नये. नुसता रंग मोजला असेल तर 'रंग उडाला' किंवा 'विरंजन' लिहा. रेणू तुटल्याचं मोजलं असेल तरच 'विघटन'. सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण ऑक्सिडीकरणाने संपवायला किती ऑक्सिजन लागेल, त्याचं माप) हाही बराच उतरला असेल, तर तो आकडा वाक्यातच द्या.

रेणू पार कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या क्षारांपर्यंत गेला, तर शास्त्रज्ञ त्याला 'खनिजीकरण' म्हणतात. तुमच्या लेखात आधीच खनिजं आहेत, तेव्हा वाचक गोंधळेल. सरळ 'संपूर्ण विघटन' लिहा.