डिस्कसच्या पिल्लांचं रोज निम्मं पाणी बदलायलाच हवं का?

पाणघोडा (पुणे)

परवा इथे एकाने विचारलं होतं की दोन इंची सहा डिस्कस (ताटलीसारखे गोल, चपटे शोभेचे मासे) आणतोय, झाडं लावलेल्या टाकीत सोडू का. बहुतेकांचं उत्तर होतं, "बिनधास्त सोडा, आठवड्याला वीस टक्के पाणी बदला." मला ते अजिबात पटलं नाही. तिथे वाद घालण्यापेक्षा वेगळा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं : चार इंचांच्या आतल्या डिस्कसला रेती नको, झाडं नकोत, ओंडकाही नको. काचेचा मोकळा तळ, मोठा स्पंज फिल्टर, ३० अंश तापमान, दिवसातून चार-पाच वेळा खाणं आणि रोज निम्मं पाणी.

कारण साधं आहे. या माशाची वाढ मुख्यतः पहिल्या वर्षात होते. तेव्हा पोटभर खायला घालावं लागतं आणि जेवढं खायला घालू तेवढी घाण पाण्यात जाते. रेतीच्या फटीत गेलेला ब्लडवर्म (खायला दिलेली लाल अळी) मासे उकरून खात नाहीत, तो तिथेच कुजतो. अशा पाण्यात वाढलेलं पिल्लू मरत नाही, पण खुजं राहतं. अंग ताटलीसारखं गोल व्हायच्या ऐवजी लांबुडकं होतं आणि डोळा मात्र मोठा दिसतो. पुढे कितीही खायला घाला, ती वाढ भरून निघत नाही.

हौस म्हणून टाकी सजवायची असेल तर जरूर सजवा, फक्त मासे चार इंचांचे झाल्यावर.

कावेरी_डोंबिवली

असहमत. आणि थोडी चिडलेय पण.

सहा पिल्लांना २०० लिटरची टाकी धरू. रोज निम्मं म्हणजे १०० लिटर, महिन्याला ३००० लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी निकष आहे. म्हणजे सहा बोटभर मासे एका माणसाचं जवळजवळ पाऊण हिस्सा पाणी पिणार! आमच्या सोसायटीत एप्रिल लागला की टँकर येतो. लोक बादल्या मोजून पाणी भरताना मी सायफन लावून शंभर लिटर मोरीत सोडू?

मी टाकी मोठी घेते, मासे तेवढेच ठेवते, खाणं दिवसातून तीनदा देते, उरलेलं लगेच काढते आणि आठवड्यातून दोनदा तीस-चाळीस टक्के पाणी बदलते. मासे वाढताहेत. स्पर्धेत ठेवण्याइतके नसतील, पण धडधाकट आहेत.

पाणघोडा (पुणे)

कावेरीताई, मोरीत कशाला सोडता? टाकीचं पाणी झाडांना उत्तम चालतं, नायट्रेट, म्हणजे खत, फुकट मिळतं. उरलेलं फ्लशला वापरा. आणि रोखठोक बोलायचं तर जिथे पाण्याची ओढ आहे तिथे दोन इंची पिल्लं घेऊच नयेत. गप्पी पाळा, मॉली पाळा.

कावेरी_डोंबिवली

म्हणजे डिस्कस फक्त धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी पाळायचे. बरं.

जुना_टाकीवाला

दोघेही लिटर मोजत बसलात. पिल्लू मरतं ते माशांच्या उत्सर्गातून आणि कुजलेल्या खाण्यातून होणाऱ्या अमोनियाने, आणि तो किती विषारी ठरणार हे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कपणा) ठरवतो. ३० अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. तोच पीएच ८ झाला की सात टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे बोअरवेलच्या, बहुधा जास्त पीएचच्या पाण्यावर पाळणाऱ्याला जी चूक भोवते ती धरणाच्या हलक्या (क्षार कमी असलेल्या) पाण्यावर पाळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

दुसरं, रोज निम्मं पाणी बदलण्याची पद्धत आली ती मलेशियातल्या पेनांगसारख्या ठिकाणच्या फार्मांवरून. तिथे एकेका टाकीत पिल्लांची दाटी असते आणि पाण्याची सोय मुबलक. ते वेळापत्रक जसंच्या तसं आपल्या हॉलमधल्या सहा माशांना लावण्यात काही अर्थ नाही.

तिसरी गोष्ट कुणी बोलतच नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की पालिका क्लोरीन वाढवते. ते पाणी अँटीक्लोरीन न टाकता निम्म्या टाकीत ओतलं की माशांच्या कल्ल्यांना इजा होते, शिवाय स्पंजमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही मरतात. मग पाणी "ताजं" दिसतं आणि दोन दिवसांनी अमोनिया चढलेला असतो. नळाखाली स्पंज धुणारे महाभाग वेगळेच. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज पिळा.

म्हणून मी म्हणतो, पाणी रोज बदला, पण वीस-पंचवीस टक्के. आदल्या रात्री पिंपात भरून, एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड लावून, तापमान जुळवून. मोठा धक्का रोज देण्यापेक्षा हे बरं.

पाणघोडा (पुणे)

पिंपाच्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत. नळाचं पाणी रात्रभर हवेवर ठेवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून पीएच बदलतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण "धक्का" म्हणाल तर रोज निम्मं बदललं की टाकीतलं आणि पिंपातलं पाणी जवळजवळ एकच होऊन जातं. आठवडाभर न बदलता एकदम निम्मं बदललंत तर खरा धक्का बसतो.

जुना_टाकीवाला

हे खरंय. मात्र पाण्याचा स्रोत एकच असेल तर. आज पालिकेचं, उद्या टँकरचं, असं ज्यांचं चालतं त्यांच्याकडे नाही.

ऊन_जास्त_नागपूर

तुम्हा पुणेकरांना हीटरची काळजी, आम्हाला मे महिन्याची. टाकी आपोआप ३३-३४ला जाते. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाला मात्र जास्त लागतो. पिल्लं फिल्टरच्या तोंडाशी जाऊन धापा टाकतात. मी झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडतो, दोन-तीन अंश उतरतात. वीज गेली तर एअर पंप इन्व्हर्टरवर हवाच. फिल्टर एक वेळ तासभर बंद चालेल, हवा नाही.

मत्स्यगंधा

झाडं नकोत हे जरा अतीच होतंय. अमेझॉन स्वोर्ड आणि अनुबियस ३० अंशाला मजेत राहतात. मातीच्या छोट्या कुंडीत लावून मोकळ्या तळावर ठेवा. सायफन मारताना कुंडी उचलली की झालं. पिल्लांना आडोसा मिळतो, नाहीतर उघड्या टाकीत माणूस जवळून गेला तरी बिचारी काचेवर आपटतात.

आणि टाकीच्या मागे काळा कागद लावणाऱ्यांनो, डिस्कसच्या पिजन ब्लड जातीच्या अंगावर गडद पार्श्वभूमीमुळे मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके येतात. मग "दुकानदाराने फसवलं" म्हणून ओरडू नका.

कोळंबीप्रेमी

खाण्याचं कोणी बोलणार आहे का? परदेशी व्हिडिओत जो तो बीफहार्ट (गुरांचं हृदय) म्हणतो. महाराष्ट्रात २०१५पासून गाय-बैलाचं मांस बंद आहे, म्हशीचं चालतं...

मत्स्यगंधा

कृपया तिकडे नको. मागच्या वेळी याच विषयावर धागा बंद करावा लागला होता.

कोळंबीप्रेमी

अहो, राजकारण नाही, पाककृती सांगतोय. सोललेली कोळंबी, थोडा पालक, लसणीच्या एक-दोन पाकळ्या, मिक्सरला फिरवून पातळ थर करून फ्रीझरला. मीठ नको. खाताना तुकडा मोडून टाकायचा, दहा मिनिटांत उरलेलं काढायचं. मांस नसल्याने पाणीही कमी खराब होतं. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडा) मात्र पिल्लांना मुळीच नको, तो गटारात वाढतो आणि रोग घेऊन येतो.

पाणघोडा (पुणे)

+१. कावेरीताई, कोळंबीवर ठेवलंत तर कदाचित तुमचं आठवड्यातून दोनदा पाणी बदलणंही खपून जाईल. कदाचित.

कावेरी_डोंबिवली

चला, निदान "कदाचित"पर्यंत आलात.

माझा मूळ मुद्दा मात्र वेगळा आहे. नवख्याने दोन इंची पिल्लं घ्यावीतच का? कुर्ल्याच्या बाजारात ती स्वस्त दिसतात म्हणून लोक उचलतात. महाग पडली तरी साडेतीन-चार इंचांची घ्या, मग रोज निम्म्या पाण्याचा प्रश्नच येत नाही. घेताना दुकानदाराला समोर खायला टाकायला सांगा. कोपऱ्यात काळवंडून उभं असलेलं, एकाच कल्ल्याने श्वास घेणारं किंवा पांढरी दोऱ्यासारखी शी करणारं घेऊ नका. आणि दोन इंचांचा टर्क्वाइज डिस्कस झगमगीत निळा दिसला तर आधी शंका घ्या. त्या वयात तो करडा-तपकिरीच असतो, हार्मोन देऊन रंग आणलेला असू शकतो.

जुना_टाकीवाला

पांढऱ्या शीवरून आठवलं. तसं दिसलं की दुकानदार निळं औषध हातात देतात. ते आतड्यातल्या परजीवींवर काही करत नाही. तिथे मेट्रोनिडॅझोल लागतं, तेही वेगळ्या टाकीत आणि मासा खात असेल तर खाण्यातून. एक कल्ला मिटून श्वास घेत असेल तर बहुधा कल्ल्यातले फ्लूक (बारीक परजीवी कृमी), त्यावर प्राझिक्वांटेल. नवे मासे तीन-चार आठवडे वेगळे ठेवले तर या दोन्ही भानगडी मोठ्या टाकीत शिरत नाहीत. आणि एंजलफिश सोबत ठेवू नका, त्यांच्याकडून हेच पाहुणे येतात.

नवा_मासेवाला

ज्याच्या प्रश्नावरून हे सुरू झालं तो मीच. मासे परवाच आणले, दोन इंची, सहा. झाडांच्या टाकीत अजून सोडले नाहीत, वेगळ्या मोकळ्या टाकीत आहेत. आमच्याकडे फक्त बोअरवेल आहे. टीडीएस (विरघळलेले क्षार) ७००, पीएच ८. आता रोज निम्मं की रोज वीस टक्के?

जुना_टाकीवाला

फार्मवर पैदास झालेली पिल्लं जड पाण्यात वाढतात, त्याची धास्ती घेऊ नका. हलकं पाणी लागेल ते पुढे जोडी अंडी घालायला लागल्यावर. पण पीएच ८ आहे, म्हणजे अमोनिया शून्यच हवा. टेस्ट किट आजच आणा. पीएच उतरवायची औषधं टाकू नका, जड पाण्यात तो पुन्हा वर येतो आणि त्या चढउतारात मासे दमतात.

पाणघोडा (पुणे)

पीएच ८ला रोज निम्मंच. यावर मी हटणार नाही.

जुना_टाकीवाला

फिल्टर नवा आहे, त्यात जिवाणू अजून जमलेले नाहीत, त्यामुळे पहिला महिना मीही निम्मंच म्हणेन. नंतर किट काय सांगतं ते बघून कमी करा.

कावेरी_डोंबिवली

आणि बाल्कनीत शंभर लिटरचं पिंप ठेवायला जागा आहे का, ते यांना आधी कोणी विचारलं?

नवा_मासेवाला

पिंप आहे. बायकोने त्यात गहू ठेवलेत.