विज्ञान म्हणजे काय? आणि शास्त्र म्हणजे तेच का?

पऱ्हाटीवाला: विज्ञान दिनासाठी पोराले शाळेतून सांगितलं, 'विज्ञान म्हणजे काय' ते एका ओळीत लिहून आणा. म्या लिहून देल्लं 'प्रयोगानं सिद्ध झालेलं ज्ञान'. आमच्या बाबानं खाटेवरूनच खोडलं, म्हणे त्याले शास्त्र म्हणतात, विज्ञान हे नवीन फॅड हाय. उद्या सकाळी द्याचं हाय, सांगा लवकर.

निवृत्त गुरुजी: बाबांचं अगदीच चूक नाही. आमच्या वेळी शास्त्राचाच तास म्हणत. आजही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र म्हणतो आणि तिन्ही एकत्र आले की विज्ञान शाखा! शास् म्हणजे आज्ञा करणे, शासन त्यातूनच आलं. शास्त्र सांगतं 'असं कर', विज्ञान सांगतं 'असं असतं'.

मोर्शीची संत्री: मग शास्त्रज्ञ काहून म्हणता? अर्थात कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ बांधावर आले की आज्ञाच करतात म्हणा 😄

काटेपूर्णा: माझं मत, विज्ञान आपल्याकडे हिंदीतून आलं. 1956 पर्यंत नागपूर मध्यप्रदेशात होतं, सगळा कारभार हिंदीत पण चाले, तिथूनच घुसलं.

निवृत्त गुरुजी: काहीही! ज्ञानेश्वरीचा सातवा अध्याय उघडा, ज्ञानविज्ञानयोग. माऊली प्रपंचाला विज्ञान म्हणतात. तेव्हा कुठला मध्यप्रदेश?

काटेपूर्णा: पण तो अर्थ सायन्सचा नाही न गुरुजी. शब्द जुना, माल नवा. तुम्ही माझ्याच बाजूनं बोलून रायले.

पऱ्हाटीवाला: एका ओळीत सांगा न बाप्पा.

डोमकळी: भाऊ, तुमच्या ओळीतून 'सिद्ध झालेलं' काढा आधी. बीटी कापसाचं बियाणं आलं 2002 मध्ये, बोंडअळी मरते हे सिद्धच होतं न? मग 2017 ले गुलाबी बोंडअळीनं यवतमाळ जिल्ह्यात बोंडं पोखरली तेव्हा लोक म्हणाले विज्ञान खोटं निघालं. खोटं नाही निघालं, अळीत प्रतिकारशक्ती आली, आणि ती येईल हे आधीच सांगितलं होतं म्हणून तर 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत नॉन बीटीची 120 ग्रॅमची पुडी द्यायचे, प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून बाजूनं लावायले, आपण काय केलं तर पुडी धुऱ्यावर फेकली. आता कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा) सलग 3 रात्री 8-8 पतंग दिसले की फवारा म्हणतात. आकडा देल्ला हाय, चुकला तर चुकला म्हणता येते. माझ्या मते एवढंच विज्ञान, आपण कशानं खोटे पडू हे आधी सांगून ठेवणं. कार्ल पॉपर नावाच्या तत्त्वज्ञानं 1934 मध्ये असंच मांडलं होतं.

सातपुड्याची लेक: असं असेल तर बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी पण विज्ञानच झाली! अक्षय्य तृतीयेला मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे घटाभोवतीचं धान्य किती सरकलं ते पाहून पाऊस, पीकपाणी सगळं आधीच सांगतात.

डोमकळी: सांगतात, पण 'कुठी कमी कुठी जास्त' याच्यात चुकाले जागा कुठी हाय? हवामान खातं सरासरीच्या इतके टक्के, अधिक-उणे 5 असं म्हणते. देशाची पावसाळ्याची सरासरी 87 सेंटीमीटर. सप्टेंबर संपला की धरा त्यायले.

सातपुड्याची लेक: देशाची सरासरी घेऊन मी काय करू, माझं वावर जळगाव जामोदला आहे. आमचे आजोबा मांडणी ऐकूनच पेरत आणि उपाशी नाही मेलो आम्ही. शास्त्र मानू नका, पण हसू पण नका.

निवृत्त गुरुजी: पाहा, शास्त्र शब्द बरोबर आला तोंडात. ताई विज्ञान मानू नका म्हणाल्या नाहीत.

काटेपूर्णा: शास्त्रापुरतं म्हणजे नावापुरतं, हे विसरू नका गुरुजी. जावयाला शास्त्रापुरतं गोड वाढतात तसं 😂

मोर्शीची संत्री: हवामान खातं तरी कुठं सरळ बोलते, 'तुरळक ठिकाणी'! आमच्या संत्र्याचा मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) त्या तुरळकमध्ये गेला.

डोमकळी: तुरळकले पण आकडा हाय. त्या भागातल्या 25 टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस म्हणजे तुरळक.

काटेपूर्णा: तुरळक हे तुरीवरून आलं असन. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) मधात तुरीचं तास म्हणजे ओळ असते न, दूर दूर एकेक.

निवृत्त गुरुजी: तुरीचा काडीचा संबंध नाही. कृपा करून हे पुढं पाठवू नका.

काटेपूर्णा: मग कशावरून आलं ते सांगा न गुरुजी.