बंद झालेली पावडर: आता काय भरू?

प्रश्न: टेक्सासात राहतो. रायफलची काडतुसं घरीच भरतो. .२७० विंचेस्टर काडतुसासाठी कित्येक वर्षं आयएमआर ब्रँडची ४४५१ पावडर (बंदुकीची दारू) भरतोय, ती आता बंद. डब्यात पाऊण पौंड उरलीय. मित्र म्हणतो, ४८३१ घे, तेवढेच ग्रेन (पावडरीच्या वजनाचं माप) भर. चालेल?

उत्तर १: अजिबात नाही! आणि ४८३१ कुठली? आयएमआरची ४८३१ ही हॉजडन कंपनीच्या एच ४८३१ पेक्षा जलद जळते. आकडा एकच, पावडर वेगळी. (हॉजडनने एच ४८३१ मुळात दुसऱ्या महायुद्धातला उरलेला साठा म्हणून विकली.) काडतुसं भरायच्या मॅन्युअलमधल्या स्टार्टिंग लोडपासून (सुरुवातीच्या कमी मापापासून) हळूहळू चढा, केसवरच्या (काडतुसाच्या नळीवरच्या) जास्त दाबाच्या खुणा बघत.

उत्तर २: जुनी-नवी मिसळू नका. आणि जुनी खराब झाली नाही ना, तेही बघा. माझा एक डबा उघडला तर नाकात झोंबणारा आंबूस वास, झाकणाला तांबूस भुकटी. बायको म्हणाली, लोणचं नासलं का?

प्रश्नकर्ता: बरं. उरलेली हरणाच्या सीझनला, सरावाला नवी.